मानमोडीवरील जिवंत लस

राणीखेत हें कुमाऊंच्या डोंगरांतील एका थंड हवेच्या गांवाचें नांव आहे. देवदारांची राई आणि हिमशिखरांचें दर्शन यांच्या ओढीनें प्रवासी तेथें जातात. महाराष्ट्रांतील खेड्यांत मात्र हें नांव उच्चारलें असतां ऐकणाराच्या डोळ्यांपुढें हिमालय उभा राहत नाहीं. रिकामें खुराडें उभें राहतें. ज्या रोगास आपल्याकडील बायका मानमोडी म्हणतात, त्याचेंच सरकारी दप्तरांतील नांव राणीखेत. हिरवट हगवण, चोंच वासून घेतलेला श्वास, लुळे पडलेले पाय आणि शेवटीं पाठीवर मुरगळलेली मान असा हा रोग. मान वांकडी करून जागच्या जागीं गिरक्या घेणारी कोंबडी ज्यानें एकदां पाहिली, त्यास मानमोडी हा शब्द समजावून द्यावा लागत नाहीं.

आमच्या घरीं कोंबड्यांचें नांव काढण्याचीहि सोय नव्हती. परंतु सुटींत आजोळीं गेलों म्हणजे परसाच्या गडग्यापलीकडची वाडी आम्हांस मोकळी असे. त्या वाडींत एका म्हातारीच्या चौदा कोंबड्या होत्या. अंडीं विकून ती मीठ, रॉकेल आणि नातवाची पाटी-पेन्सिल आणी. एका वैशाखांत चार दिवसांच्या आंत त्या चौदाहि गेल्या. पांचव्या दिवशीं ती खुराड्यापुढें नुसती बसून होती, आणि खुराड्याचें दार उघडेंच होतें. त्या गोष्टीस आज चाळीसांहून अधिक वर्षें झालीं. पुढें महाविद्यालयांत इतिहास शिकवितां शिकवितां एक गोष्ट आम्हांस कळली, आणि तेव्हांपासून ती मनांतून जात नाहीं : या रोगावरील लस आमच्या त्या सुटीच्या पूर्वीं तीस-पस्तीस वर्षें आपल्याच देशांत तयार झाली होती. मग ती गडग्यापलीकडे कां पोंचली नाहीं? सरकारी अनास्था, असें एका शब्दांत याचें उत्तर देतां येईल, व तें सर्वस्वीं खोटें ठरणार नाहीं. परंतु अर्ध्याहून अधिक उत्तर लशीच्या स्वतःच्या इतिहासांत दडलेलें आहे. आणि तो इतिहास आम्हांस एखाद्या राजवंशाच्या बखरीइतकाच वाचनीय वाटतो.

रोगाची नोंदलेली जन्मतिथि फार जुनी नाहीं. १९२६ सालीं जावा बेटांत क्रानेव्हेल्ड या डच पशुवैद्यानें तो प्रथम वर्णिला. त्याच वर्षीं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर न्यूकॅसल शहराच्या आसपास कोंबड्या पटापट मरूं लागल्या. तेथील रोगाचा अभ्यास डॉइल यानें केला व १९२७ सालीं तो प्रसिद्ध केला. रोगाचें वर्णनपर नांव ठेवल्यास इतर रोगांशीं घोटाळा होईल, म्हणून त्यानें तूर्त शहराचेंच नांव दिलें. हें ‘तूर्त’ आतां शंभर वर्षांच्या घरांत गेलें आहे. इकडे हिंदुस्थानांत १९२७ सालीं राणीखेत येथें तोच रोग एडवर्ड्स यास आढळला, आणि त्यानें त्यास आपल्या नकाशावरील नांव दिलें. न्यूकॅसलकरांस अगर राणीखेतकरांस यांत कांहीं भूषण वाटत असेल असें नाहीं. मौजेची गोष्ट ही कीं, अलीकडे विषाणूंचें शास्त्रीय नामकरण करणाऱ्या पंडितांनीं या विषाणूच्या जातीस ‘जावेन्से’ हें विशेषण लावून हा मान अखेर जावाच्या पदरांत टाकला आहे.

हा एडवर्ड्स मुक्तेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेचा मुख्य होता. या प्रयोगशाळेचें मूळ आपल्या पुण्याचें आहे, हें आमच्या पुष्कळ पुणेकर मित्रांसहि ठाऊक नसतें. जनावरांच्या सांथींचा अभ्यास करण्यासाठीं १८८९ च्या डिसेंबरांत ती पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत सुरू झाली. परंतु भयंकर रोगजंतु वाढविणारी संस्था भर वस्तींत व उष्ण हवेंत असणें इष्ट नाहीं, असें तिचा प्रमुख लिंगार्ड यास वाटलें; आणि १८९३ सालीं तिचें बिऱ्हाड कुमाऊंतील सात हजार फुटांहून उंच असलेल्या मुक्तेश्वरच्या शिखरावर गेलें. १८९७ सालीं स्वतः रॉबर्ट कॉख तेथें येऊन गेला. तेथेंच एडवर्ड्स यानें गुरांच्या बुळकांडीचा विषाणु बकऱ्यांच्या अंगांतून पुनःपुन्हां काढून त्याची धार बोथट केली व त्याची लस बनविली. ज्या बुळकांडीनें आपल्या शेतकऱ्यांचीं दावणीं ओस पाडलीं, ती २०११ सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. त्या कामाच्या आरंभींच्या पायऱ्यांपैकीं ही एक होती.

परक्या शरीरांत रोगबीज वारंवार वाढवून त्यास माणसाळवावें, ही युक्ति मात्र एडवर्ड्सच्या पूर्वींची आहे. आणि तिच्या मुळाशीं पाहूं गेल्यास तेथेंहि कोंबडीच भेटते. १८७९ सालीं पाश्चर कोंबड्यांच्या पटकीचे जंतु वाढवीत होता. उन्हाळ्याच्या सुटींत तसेंच पडून राहिलेलें एक संवर्धन त्यानें मग कोंबड्यांस टोंचलें. त्या किंचित् आजारी पडून बऱ्या झाल्या. पुढें त्यांस ताजे, मारक जंतु टोंचले तरी त्या मेल्या नाहींत. जेन्नरला गाईनें आयतें दिलेलें सौम्य विष प्रयोगशाळेंत बुद्धिपुरःसर तयार करतां येतें, हा शोध असा लागला. पटकीचा जंतु मांसाच्या रसांत वाढे. विषाणु मात्र जिवंत पेशींवांचून वाढत नाहीं. ही अडचण १९३१ सालीं अमेरिकेंत गुडपास्चर व वुडरफ यांनीं दूर केली. उबविण्यास ठेवलेल्या अंड्यांतील जिवंत गर्भावर त्यांनीं कोंबडीच्या देवीचा विषाणु वाढवून दाखविला. अंडें म्हणजे स्वच्छ, स्वस्त व निसर्गानेंच सीलबंद करून दिलेली प्रयोगनळी. कोंबडीच्या रोगाचें औषध कोंबडीच्याच अंड्यांत निघावें, यांत आम्हांस तरी एक गंमत वाटते.

मानमोडीवर प्रथम मेलेल्या विषाणूंच्या लशी करून पाहण्यांत आल्या. त्या निर्धोक, परंतु त्यांचा प्रभाव बेताचा. १९४० सालीं अय्यर व डॉब्सन यांनीं इंग्लंडांतील हर्टफर्डशायर परगण्यांत सांपडलेला मारक विषाणु एका अंड्यांतून दुसऱ्या अंड्यांत असा नेत नेत इतका मवाळ केला कीं, तो टोंचलेली कोंबडी जगे व पुढें रोगास दाद देत नसे. हेंच काम इकडे हॅडो व इदनानी यांनीं देशी विषाणूवर केलें. अंड्यांतून उतरत आलेल्या या लशीच्या वाणास मुक्तेश्वरचें नांव मिळालें, आणि १९४० नंतरच्या दहा वर्षांत ती प्रचारांत आली. एकदां टोंचली म्हणजे कोंबडीस दीर्घ काळ अभय. ही केवढी थोर गोष्ट होती, हें ज्यांच्या घरीं खुराडें आहे तेच जाणतील.

परंतु मुक्तेश्वरचें हें विष पुरतें माणसाळलेलें नव्हतें. प्रौढ, धडधाकट कोंबडी तें पचवी. कोंवळें पिलूं त्यानेंच मरे. अंगांत जंत असलेल्या, उपासमारीनें खंगलेल्या किंवा पोटांत दुसरा रोग दबून असलेल्या कोंबडीचे पाय लुळे पडत; घालणीवर आलेली कोंबडी कांहीं दिवस अंडीं देणें सोडी. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापूर्वीं ही लस टोंचूं नये असा नियम झाला. आतां खेड्यांतील पिलाचे पहिले आठ आठवडे म्हणजेच त्याचा सर्वांत नाजूक काळ. त्या काळांत लस नाहीं, आणि तो उलटेपर्यंत मानमोडी थांबत नाहीं! शिवाय, लस टोंचल्यानंतर आठवड्यांत दोन कोंबड्या मेल्या कीं दोष लशीवर येई, आणि पुढील खेपेस डॉक्टर वाडींत शिरतांच बायका कोंबड्या लपवीत. त्यांना हंसणें सोपें आहे. पण डोळ्यांनीं पाहिलेल्या मरणावर विश्वास ठेवावा कीं न पाहिलेल्या अभयावर, या बाबतींत शिकलेल्यांचें वर्तनहि फारसें निराळें असतें असा आमचा अनुभव नाहीं.

विषाणूचा मारकपणा मापण्याची शास्त्रज्ञांची एक क्रूर परंतु नेमकी रीत आहे. नुकत्या जन्मलेल्या पिलांच्या मेंदूंत तो टोंचतात व आठ दिवस रोज गुण देतात : निरोगी असल्यास शून्य, आजारी असल्यास एक, मेल्यास दोन. त्यांची सरासरी ०·७ अगर अधिक आली कीं विषाणु मारक ठरतो. या मापानें पाहिल्यास मुक्तेश्वरची लस त्या रेषेच्या बरीच वर जाते. म्हणजे ज्या द्रव्यानें आम्ही रोग अडवितों, तेंच आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणें रोगाच्या सदरांत पडतें! म्हणूनच जेथें रोग कायमचा ठाण मांडून बसलेला आहे अशाच देशांत हिचा उपयोग करावा, असें तज्ज्ञ सांगतात.

यापुढील सुधारणा अमेरिकेंतून आली, व ती प्रयत्नापेक्षां योगायोगानें अधिक. न्यू जर्सी संस्थानांत बोडेट नांवाच्या संशोधकापाशीं नाना ठिकाणचे विषाणु जमलेले होते. त्यांपैकीं एक त्यानें हिचनर यास कोंबड्यांच्या श्वासनलिकादाहाचा म्हणून दिला. हिचनरनें तपासतां तो मानमोडीचा निघाला. आणि इतका सौम्य कीं, एका दिवसाच्या पिलासहि त्यापासून विशेष अपाय होईना. तो कोणीं माणसाळविला नव्हता. निसर्गांतच तसा होता. १९४८ सालीं तो जगापुढें आला व ‘बी-वन’ या नांवानें लस झाला. १९४६ सालीं त्याच संस्थानांत लासोटा नांवाच्या कुक्कुटपालकाकडे सांपडलेला दुसरा एक सौम्य विषाणु त्याच्याच आडनांवानें जगभर गेला, आणि आज आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतहि लासोटा हा शब्द औषधासारखा उच्चारला जातो. १९५२ सालीं इंग्लंडांत ॲस्प्लिन यानें ‘एफ’ नांवाचा तिसरा वर्णिला. या लशींस सुईहि नको. डोळ्यांत अगर नाकांत एक थेंब पुरे, आणि मोठ्या केंद्रांत तर पिण्याच्या पाण्यांतूनच त्या हजारों पक्ष्यांस पाजतात.

तथापि मवाळपणास किंमत पडते. जितकी लस सौम्य तितकें तिनें दिलेलें शिक्षण उथळ, व तितकें तें लवकर विसरलें जातें. शिवाय, लस टोंचलेल्या कोंबडीच्या अंड्यांतून पिलास आईचें उसनें संरक्षण मिळतें. तें पहिले कांहीं दिवस पिलास रोगापासून वांचवितें खरें, पण डोळ्यांत टाकलेल्या लशीच्या विषाणूचाहि तेंच फडशा पाडतें. फार लवकर द्यावी तर लस वायां. फार उशिरां द्यावी तर पिलूं वायां. या पेंचांतून आपल्या देशांत एक तडजोड निघाली : पहिल्या आठवड्यांत सौम्य लशीचा थेंब, पुढें कांहीं आठवड्यांनीं त्याची पुनरावृत्ति, आणि पक्षी अंगानें भरल्यावर, म्हणजे आठव्या आठवड्यानंतर, मुक्तेश्वरची जुनी लस. लहान मुलास आधीं मुळाक्षरें व मग व्याकरण शिकवावें तशी ही रीत आहे. मोठ्या व्यापारी केंद्रांत ती उत्तम चालली. वाडींतल्या म्हातारीच्या कोंबड्यांच्या मागें तीन वेळां कोण जाणार, हा प्रश्न तिनें सोडविला नाहीं.

सौम्य व मारक यांतील भेद कशांत आहे, हें पुष्कळ वर्षें कोणास सांगतां येत नव्हतें. १९७६ सालीं नागाई, क्लेंक व रॉट यांनीं तो उघडा केला. विषाणूच्या अंगावरील एका प्रथिनाचे दोन तुकडे झाल्यावांचून त्यास पेशींत शिरतां येत नाहीं. मारक विषाणूंत तुटण्याची ही जागा अशा घडणीची असते कीं, पक्ष्याच्या शरीरांतील कोणत्याहि इंद्रियांत तिला कापणारें द्रव्य मिळतें. सौम्य विषाणूंत तिला कापणारें द्रव्य श्वासमार्गांत व आंतड्यांतच असतें, म्हणून तो तेथेंच रेंगाळतो व मेंदूपर्यंत जात नाहीं. दोहोंतील अंतर प्रथिनाच्या थोड्याशा मण्यांचें आहे. तें किती थोडें, हें १९९८ सालीं ऑस्ट्रेलियांत कळून आलें. न्यू साउथ वेल्स प्रांतांतील कोंबड्यांत निरुपद्रवी म्हणून वावरणाऱ्या एका स्थानिक विषाणूनेंच ही घडण बदलली व तो मारक झाला. १९९८ ते २००२ पर्यंत ती सांथ अधूनमधून डोकें वर काढीत राहिली, आणि ती आटोक्यांत आणण्यासाठीं कळपच्या कळप मारावे लागले. तो विषाणु लशीचा नव्हता, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु जिवंत लस जगांत सोडणारानें डोळे उघडे कां ठेवावे, याचा तो धडा होता.

१९९९ सालापासून हा विषाणु प्रयोगशाळेंत अक्षरशः लिहितां येऊं लागला आहे. त्याच्या जननद्रव्याची पूर्ण प्रत करून, हवें तें अक्षर बदलून, तीपासून पुन्हां जिवंत विषाणु उठवितां येतो. याची गरज पडण्याचें कारण असें कीं, आजच्या लशी बहुतेक जुन्या घराण्यांतील विषाणूंच्या आहेत, आणि मानमोडीच्या विषाणूचीं नवीं घराणीं मध्यंतरीं आशियांत पसरलीं आहेत. जुनी लस नीट दिली असतां कोंबडीस मरणापासून वांचविते. पण वांचलेली कोंबडी नवा विषाणु कांहीं दिवस विष्ठेंतून व श्वासांतून बाहेर टाकीत राहते. लस चालू विषाणूच्या घराण्यांतलीच असल्यास हें टाकणें कमी होतें, असें प्रयोगांत दिसलें आहे. म्हणून नव्या घराण्याचा विषाणु घेऊन त्याची ती तुटण्याची जागा सौम्य लिहावयाची, अशा लशी निघूं लागल्या आहेत. हें काम बुद्धीचें व आदरास पात्र आहे. तरीहि आमच्या मतें खेड्याच्या दृष्टीनें सर्वांत मोठी सुधारणा याहून निराळी, व दिसण्यांत फारच साधी आहे.

ती उष्णतेसंबंधींची. मुक्तेश्वर काय, लासोटा काय, सर्व जिवंत लशींस थंडी लागते. सुकवून कुपींत बंद केलेली लस दोन ते आठ अंशांच्या थंडींत ठेवावी लागते. पाण्यांत कालविल्यावर तर ती दोन-तीन तासांत संपविली पाहिजे. थंड हवेच्या शिखरावर जन्मलेल्या लशीनें कोंकणच्या वैशाखांत यावें कसें? कुपी शंभर-दोनशें पक्ष्यांची, आणि वाडींत कोंबड्या चाळीस. उरलेली लस ओतून द्यावयाची हें ज्या डॉक्टरास हिशेबांत दाखवावें लागतें, तो अशा वाडीकडे कां वळेल? आमच्या आजोळच्या त्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं येथें आहे.

१९६६ सालीं ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत निरोगी कोंबड्यांच्या पोटांत एक विषाणु सांपडला होता. त्यास ‘व्ही-फोर’ म्हणतात. तो अत्यंत सौम्य, आणि बराच उष्मा सोसणारा. क्वीन्सलंड विद्यापीठांतील स्प्रॅडब्रो या अध्यापकाच्या मनांत आलें कीं, लशीचा बळकटपणा किंवा मवाळपणा तेवढाच निवडीत न बसतां तिचा चिवटपणा कां निवडूं नये? त्यानें विषाणूस मुद्दाम उष्णता दिली. जे मेले ते मेले, जे टिकले त्यांची पैदास केली. आणि असें करीत अधिक काटक वाण मिळविला. मलेशियांत ही लस दाण्यास चोळून कोंबड्यांपुढें टाकून पाहिली. अंगणांतून हांक मारतांच कोंबडी दाणा टिपावयास येते. तिला धरण्याचें कारणच उरत नाहीं. युक्ति सुरेख खरी, पण सर्वच प्रकारच्या दाण्यांवर विषाणु सारखा टिकेना, आणि डोळ्यांतील थेंबाची खात्री तिला आली नाहीं.

त्याच घडणींतून पुढें ‘आय-टू’ नांवाचा वाण तयार झाला. त्याचें बीज गरीब देशांस विनामूल्य देण्यांत आलें. हें आम्ही मुद्दाम नमूद करितों, कारण शास्त्राच्या इतिहासांत अशीं वाक्यें वारंवार लिहावयास मिळत नाहींत. सुकविलेली ही लस अंधारांत ठेवल्यास अठ्ठावीस अंशांच्या हवेंतहि सुमारें आठ आठवडे कामाची राहते. मोझांबिक व टांझानिया या देशांत गांवांतल्याच स्त्री-पुरुषांनीं ती शिकून घेतली व शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून त्याचे चार पैसे घेऊं लागले. दर चार महिन्यांनीं पुन्हां थेंब टाकावा लागतो, हा तिचा उणेपणा. उन्हांत ठेवलेली कोणतीहि लस मरतेच, व ‘उष्णता सोसते’ याचा अर्थ ‘हयगय सोसते’ असा करून तिची पुष्कळ ठिकाणीं नासाडी झाली. तरी लस ज्याच्या घरीं जावयाची त्याच्या घराचा विचार करून ती सुधारावी, ही दृष्टि तींत आहे. आणि मागील सर्व सुधारणांत आम्हांस तीच अधिक मोलाची वाटते.

आपल्याकडे पुण्याजवळ औंध येथील सरकारी संस्थेंत मानमोडीची लस तयार होते. १८९३ सालीं पुण्याहून जें बिऱ्हाड डोंगरावर गेलें, त्याची विद्या अशी फिरून पुण्यास आली. पण खेड्यांतली लस अजून बहुधा थंडीवरच जगणारी आहे.

गेल्या चैत्रांत आम्ही आजोळीं गेलों होतों. गडगा आतां अर्धा ढांसळला आहे. पलीकडच्या वाडींत त्या म्हातारीची नातसून नांदते. तालुक्याहून लस आणून आसपासच्या तीन वाड्यांतील कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब टाकण्याचें काम तिनें पत्करलें आहे. कुपी दोनशेंची असते, म्हणून ती आदल्या दिवशीं घरोघर फिरून कोंबड्या मोजून येते व तिन्ही वाड्या एकाच दिवशीं घेते. “एवढ्या पहांटे कां निघतां, वहिनी?” असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “थर्मासांतला बर्फ दहा-अकरापर्यंत पुरतो, भाऊ. आणि दार उघडायच्या आधीं गेलें म्हणजे कोंबड्यांच्या मागें धांवावं लागत नाहीं.”